अंगणात टांगायचा किडे मारणारा निळा दिवा डासांवर खरोखर चालतो का?

मागीलदार (तालुका दापोली)

नमस्कार. आमचे जुने कौलारू घर समुद्रापासून थोड्या अंतरावर आहे आणि त्यातील तीन खोल्या आम्ही पर्यटकांना राहण्यासाठी देतो. मागीलदारी विहीर, तिच्यापलीकडे नारळ-पोफळीची वाडी आणि पुढच्या बाजूस सारवलेले अंगण, जिथे संध्याकाळी पाहुण्यांसाठी जेवणाची टेबले मांडली जातात. पावसाळा सरत आला की दिवेलागणीपासून डास इतके वाढतात की पाहुणे ताट उचलून खोलीत जातात. त्यातच मागच्या वर्षी माझ्या भाच्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या आणि त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ पाहुण्यांच्या सोयीचा राहिलेला नाही.

तालुक्याच्या गावी विजेच्या सामानाच्या दुकानात मला एक दिवा दाखवण्यात आला. आत निळसर-जांभळी नळी, तिच्याभोवती विजेच्या तारांची जाळी आणि खाली मेलेले किडे पडण्यासाठी ट्रे. एक दिवा अर्ध्या एकरातील डास संपवतो असे खोक्यावर छापलेले आहे. अंगण आणि वाडी मिळून दोन दिवे घ्यावे लागतील आणि आमच्या मानाने ही रक्कम लहान नाही. शेजारच्या गावात एका ओळखीच्यांकडे असाच दिवा मी पाहिला. रात्रभर त्याची चरचर चालू असते आणि सकाळी ट्रे भरलेला असतो, परंतु त्या दिव्यापासून चार हातांवर बसून चहा पिताना मला पाय झटकत बसावे लागले, ही गोष्ट मनातून जात नाही.

हा दिवा डासांवर खरोखर परिणाम करतो का, करत असल्यास तो कुठे टांगावा आणि करत नसल्यास तेवढ्याच पैशात दुसरे काय करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कीटकवही (पुणे)

ताई, आपण पाय झटकत बसलात ते निरीक्षण अगदी योग्य आहे आणि त्याच्यामागे कारणही आहे. हा दिवा किडे भरपूर मारतो, मात्र डास, आणि त्यातही माणसाला चावायला निघालेली डासाची मादी, फारशी मारत नाही.

या विषयावर सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील टिमथी फ्रिक आणि डग्लस टॅलमी यांचा आहे. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी उपनगरातील सहा घरांच्या परसात असे दिवे लावले आणि उन्हाळ्याच्या हंगामात त्यांत मेलेले किडे एकेक करून ओळखले. एकूण १३,७८९ किडे निघाले. त्यांपैकी डास आणि रक्त पिणाऱ्या चिलटांसारखे चावरे किडे होते अवघे ३१, म्हणजे पाव टक्काही नाही. जवळजवळ निम्मे, ६,६७० किडे, आसपासच्या पाण्यातून आलेले आणि मुळीच न चावणारे होते, तर १,८६८ किडे इतर किड्यांना खाऊन किंवा त्यांच्या अंगावर वाढून जगणारे, म्हणजे आपल्या बागेला उपयोगी पडणारे होते. त्याआधी १९८३ साली इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे झालेल्या अभ्यासात थेट चावण्याचेच मोजमाप केले गेले. दिवा लावलेल्या आणि न लावलेल्या परसात माणसाला होणाऱ्या डासदंशात लक्षणीय फरक आढळला नाही.

असे का होते हे समजून घेण्यासाठी मादी आपल्याला शोधते कशी ते पाहावे लागते. रक्त फक्त मादी पिते, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला त्यातील प्रथिने लागतात. माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वाऱ्याबरोबर पसरतो, त्याचा माग घेत ती जवळ येते आणि जवळ आल्यावर घामातील लॅक्टिक आम्लासारखे पदार्थ, अंगाची ऊब आणि ओलावा यांवरून नेमकी जागा निवडते. दिवा श्वास घेत नाही आणि त्याला घामही येत नाही. अंगणात आठ माणसे जेवत असताना खांबावरच्या निळ्या नळीकडे वळण्याचे तिला कारणच नसते.

पतंग, भुंगेरे, पंखाच्या मुंग्या यांचे मात्र वेगळे आहे. या नळीतून निघणारे अतिनील किरण त्यांच्या डोळ्यांना चांगले दिसतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, वेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या एका संशोधनातून असे दिसले की उडणारे कीटक उजेडाकडे पाठ ठेवण्याचा प्रयत्न करतात. मोकळ्या आकाशाखाली रात्री उजळ बाजू म्हणजे वरची बाजू, या जन्मजात खुणेवर ते तोल सांभाळतात आणि दिव्याजवळ आल्यावर तीच खूण चुकल्याने भोवती फिरत राहतात. ट्रे भरतो तो अशा किड्यांनी.

आणखी एक मुद्दा डेंग्यूचा. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी सूर्य वर आल्यानंतरच्या काही तासांत आणि मावळतीपूर्वीच्या दोनेक तासांत. त्या वेळी हा दिवा बहुधा बंद असतो आणि चालू ठेवला तरी सूर्यप्रकाशापुढे त्याचे काही चालत नाही. भाच्याच्या आजारपणाची धास्ती मनात ठेवून आपण हा दिवा घेणार असाल तर त्याचा त्या बाबतीत जवळजवळ काहीच उपयोग नाही, हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

तळ्याकाठी (ठाणे)

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. आमचे घर तळमजल्यावर आहे, समोर लहानशी बाग आहे आणि तलाव पायी पाच मिनिटांवर आहे. आम्ही असा दिवा गेली काही वर्षे वापरतो आणि रोज सकाळी ट्रेमध्ये मला स्वतःला डास दिसतात, तेही मूठभर. परदेशातील उपनगरांत जे आढळले ते आपल्याकडे तसेच लागू होईल असे गृहीत धरू नये. आपल्याकडील डासांच्या जाती वेगळ्या, हवामान वेगळे आणि त्यांची संख्याही वेगळी. शिवाय मूठभर डास मेले म्हणजे तेवढे तरी कमी झाले, असे म्हणायला हरकत नसावी.

कीटकवही (पुणे)

जाती वेगळ्या असतात हा आपला मुद्दा रास्त आहे आणि काही क्युलेक्स डास, म्हणजे घरात नेहमी दिसणारे डास, दिव्याकडे येतात हेही खरे. बंद, अंधाऱ्या खोलीत, जिथे माणूस नाही, तिथे अतिनील नळी आणि आत ओढणारा पंखा असलेल्या सापळ्यात ते सापडतातही. पण ट्रेमधील मूठभर किडे डासच आहेत का, हे आपण एकदा जवळून पाहावे अशी माझी विनंती आहे.

दिवा बंद करून, प्लग काढून, ट्रेमधील किडे पांढऱ्या कागदावर पसरावेत आणि साधे भिंग घ्यावे. डासाच्या डोक्यातून पुढे आलेली लांब, सरळ सोंड हमखास दिसते, ती त्याच्या डोक्यापेक्षा कितीतरी लांब असते. डासाच्या पंखाच्या शिरांवर आणि कडेला बारीक खवले असतात. तलाव, धरण, संथ नदी यांच्या आसपास राहणाऱ्यांच्या ट्रेमध्ये पुष्कळदा जे सापडते ते कायरोनोमिड कुळातील किडे असतात. तोच बांधा, तसेच लांब पाय, नराच्या मिशाही तशाच पिसांसारख्या, पण चावणारी सोंड नाही आणि पंखांवर खवले नाहीत. जिवंतपणी भिंतीवर बसलेले असताना तर आणखी सोपे असते, कारण कायरोनोमिड पुढचे पाय उचलून धरतो आणि घरात नेहमी दिसणारे क्युलेक्स आणि एडिस हे डास मागचे. कायरोनोमिडांतील काही जातींच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात आणि लालभडक असतात. शोभेचे मासे पाळणारे याच लाल अळ्या खाद्य म्हणून विकत आणतात. तलावातून असे किडे एकाच संध्याकाळी प्रचंड संख्येने बाहेर पडतात आणि उजेडाकडे धावतात.

“तेवढे तरी कमी झाले” या वाक्याबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. क्युलेक्सची मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी पाण्यावर एकत्र चिकटवून घालते. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. दुर्लक्षित राहिलेली एक बादली आठवड्याभरात जितके डास देते तितके या दिव्याला सापडत नाहीत, आणि जे सापडतात त्यांत न चावणारे नरही असतात.

ऊसमळा (वाळवा)

मी शेतकरी आहे आणि प्रकाश सापळा आमच्याकडे नेहमीच्या वापरातील वस्तू आहे. त्यामुळे या चर्चेत एक बाजू मांडावीशी वाटते. सापळा निरुपयोगी असतो असा कोणाचा समज होऊ नये. कोणत्या किडीसाठी तो लावला यावर सर्व अवलंबून आहे.

आमच्याकडे उसाला आणि भुईमुगाला हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, लागते. मे-जूनमध्ये वळवाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात, पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि मग माद्या जमिनीत अंडी घालतात. हा सगळा प्रकार थोड्या आठवड्यांत आटोपतो आणि वर्षातून एकदाच होतो. त्या दिवसांत त्या झाडांजवळ दिवा लावून खाली पाण्याच्या पसरट भांड्यात थोडे रॉकेल टाकले की भुंगेरे त्यात पडतात आणि अंडी घालण्याआधीच मरतात. गावाने मिळून केले तर पुढच्या नुकसानीत फरक पडतो, एकट्याने केले तर शेजारच्या रानातील भुंगेरे आपल्याकडे येतात. भातावरील खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडेही सापळ्यात चांगले येतात. कापसातही पतंग किती येत आहेत हे कळण्यासाठी सापळा लावतात आणि मग फवारणी करायची की थांबायचे ते ठरवतात.

आता डासाला ही परिस्थिती लावून पाहा. तो उजेडाकडे धावत नाही, वर्षातून एकदा नव्हे तर दर आठ-दहा दिवसांनी त्याची नवी पिढी तयार होते आणि एका झाडावर गोळा होण्याची त्याला सवय नाही. सापळा यशस्वी व्हायला ज्या तीन गोष्टी लागतात त्यांतील एकही इथे नाही.

रात्रभर दिवा चालू ठेवण्याला माझा आणखी एक आक्षेप आहे. आम्हाला सापळा साधारण संध्याकाळी सात ते दहा एवढाच लावायला सांगतात, कारण पुढे रात्रभर तो चालू राहिला तर मित्रकीटकही त्यात सापडतात. मावा खाणाऱ्या क्रायसोपाचे हिरवे, जाळीदार पंखांचे प्रौढ उजेडाकडे येतात. त्यांची अळी मावा किती खाते हे ज्याने पाहिले आहे त्याला असा किडा विजेच्या जाळीवर जळालेला पाहून वाईट वाटते. वाडीत नारळ-पोफळीबरोबर काही भाजीपाला असेल तर ताईंनी याचाही विचार करावा.

एडिसनकर (न्यू जर्सी)

आमच्या भागात उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या घराच्या मागे हा दिवा टांगलेला दिसतो, आणि तरीही मावळतीच्या वेळी कोणी डेकवर बसत नाही. इथे एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे पायांवर आणि पाठीवर पांढरे पट्टे असलेला डास, १९९५ पासून आढळतो आणि तोही दिवसाच चावतो.

एक माहिती या चर्चेच्या दृष्टीने उपयोगी वाटते. न्यू जर्सीत १९१२ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, डास निर्मूलनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि १९३० च्या दशकात याच राज्याच्या नावाने ओळखला जाणारा दिव्याचा सापळा तयार झाला. तो आजही वापरात आहे, पण डास संपवण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. कोणत्या भागात कोणती जात किती वाढली हे त्यातून कळते आणि मग लोक पाणथळीकडे, तुंबलेल्या गटारांकडे, टायरांच्या ढिगांकडे जातात. पुढे १९६० च्या दशकात जो लहान, बॅटरीवर चालणारा सापळा सर्वत्र रूढ झाला, त्याच्याशेजारी सुका बर्फ ठेवण्याची पद्धत पडली, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड डासांना दिव्यापेक्षा कितीतरी अधिक खेचतो. ज्यांचे आयुष्य डास पकडण्यात गेले त्यांनीच नुसत्या उजेडावर भरवसा ठेवलेला नाही.

जुना आरोग्यसेवक (सिंधुदुर्ग)

मी हिवताप विभागात आणि नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करून निवृत्त झालो. घराघरांत जाऊन भांडी तपासणे हेच माझे काम होते, म्हणून ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो. दिव्यावर खर्च करायची रक्कम जाळ्या, झाकणे आणि एक चांगली बॅटरी यांवर खर्च करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम एका सकाळी बॅटरी घेऊन संपूर्ण आवाराची फेरी मारावी. पाणी दिसेल तिथे उजेड टाकून अर्धा मिनिट थांबावे. सावली किंवा धक्का जाणवताच अळ्या वळवळत खाली जातात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी दिसली तर ती ॲनोफिलिसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची. डोके खाली आणि शेपटीची नळी वर करून तिरपी लटकलेली दिसली तर ती क्युलेक्स किंवा एडिसची. स्वल्पविरामासारखे वाकलेले, टुणटुण हालणारे कोष दिसले तर समजावे की एक-दोन दिवसांत तिथून डास उडणार आहेत, आणि ते पाणी त्याच क्षणी ओतून द्यावे. ते गटारात ओतू नये, उन्हातील कोरड्या मातीवर ओतावे, म्हणजे अळ्या जगत नाहीत.

कोकणातील घरांत कुठे पाहावे ते सांगतो, कारण शहरातील यादी इथे अपुरी पडते. उंदरांनी किंवा शेकरूने पोखरून खाली पाडलेले नारळ आणि इकडेतिकडे पडलेल्या करवंट्या हे एडिसचे आवडते घर आहे. पोफळीच्या गळून पडलेल्या झावळीचा बुडाकडील खोलगट भाग पावसाचे पाणी धरून ठेवतो, त्या रोज गोळा कराव्यात. पावसाळ्यात पडवीवर किंवा लाकडांवर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीच्या वळ्यांत पाणी साठते आणि ते जमिनीवरून दिसतच नाही, शिडी लावूनच पाहावे लागते. पन्हळीत पाने अडकली की पाणी तुंबते. बांबूच्या कुंपणातील तोडलेल्या बुडख्यांत पाणी राहते, त्यांत माती किंवा वाळू भरून टाकावी. पाहुण्यांसाठी शोभेचे म्हणून कमळाचे मोठे भांडे, जुने जाते, पाट्याचा खळगा किंवा रांजण अंगणात ठेवलेला असतो, तोही पाहावा. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुत्र्या-कोंबड्यांची पाण्याची भांडी या जागा घरातील माणसांच्या नजरेतून रोज सुटतात.

एडिसविषयी एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. ही मादी अंडी पाण्यावर घालत नाही, भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा म्हणजे पिंप नुसते रिकामे करून परत भरायचे नव्हे. ते काथ्याने किंवा ब्रशने आतून, विशेषतः काठाखालच्या पट्ट्यात, घासून काढायचे, उन्हात पालथे घालायचे आणि मग भरायचे. माझ्या नोकरीच्या काळात अनेक घरांत दर आठवड्याला पाणी बदलूनही अळ्या सापडत असत, त्याचे कारण घासणे राहून गेलेले असे.

मोठ्या हौदाला आणि डोक्यावरच्या टाकीला घट्ट झाकण हवे आणि टाकीच्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवी. विहिरीत आणि न उपसता येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात आणि ते आरोग्य केंद्रातून मागून घेता येतात. मात्र ते ओढ्यात, तळ्यात किंवा पाणथळीत सोडू नयेत, कारण तिथे ते मूळच्या माशांची आणि बेडकांची पिल्ले खातात.

दिवेलागणीला अंगणात जे मोठे, काळसर डास चावतात ते बहुतेक वेळा आर्मिजेरस जातीचे असतात आणि ते सेप्टिक टँकमध्ये वाढतात. आपल्याकडे तीन खोल्यांचे शौचालय एकाच टाकीला जोडलेले असेल तर तिच्या हवा जाण्याच्या नळीच्या तोंडावर नायलॉनची जाळी बांधून ती तारेने आवळावी आणि टाकीवरील फरशीच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. माझ्या अनुभवात एवढ्या एका कामाने संध्याकाळचा त्रास जितका कमी होतो तितका दुसऱ्या कोणत्याही उपायाने होत नाही आणि त्याचा खर्च शंभर-दोनशे रुपयांपलीकडे जात नाही.

जवळपास चिऱ्याची बंद पडलेली खाण असेल आणि तिच्यात पाणी साठले असेल तर ते एका घराने हाताळण्याचे काम नाही. ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला लेखी कळवावे. एडिस सहसा जन्मस्थानापासून काहीशे मीटरांपलीकडे जात नाही, म्हणून डेंग्यूचा डास आपल्या किंवा लगतच्या आवारातच जन्मलेला असतो, हे लक्षात ठेवून शेजारच्या दोन-चार घरांनाही या फेरीत सोबत घ्यावे.

मागीलदार (तालुका दापोली)

सर्वांचे मनापासून आभार. आरोग्यसेवक काकांनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी मी आणि आमच्याकडे वाडीत काम करणारे दादा मिळून आवाराची फेरी मारली. विहीर स्वच्छ निघाली. परंतु लाकडांवरच्या ताडपत्रीच्या एका वळीत बॅटरीचा उजेड टाकताच पाणी जिवंत असल्यासारखे हलू लागले. शेपटी वर केलेल्या अळ्या आणि त्यांच्यामध्ये ते वाकलेले कोषही होते. ते पाणी लगेच ओतून दिले. सेप्टिक टँकच्या नळीला जाळी नाही हेही दिसले, ते काम उद्याच करून घेत आहोत. शेजारच्या दोन घरांशीही बोलले आहे.

आता एकच शंका उरली आहे. वाढलेले डास काही दिवस तरी राहणारच आणि पाहुणे तर या शनिवारीच येणार आहेत. जेवणाच्या वेळेपुरता काही उपाय आहे का? ओळखीचे एक गृहस्थ त्यांचा दिवा दोन दिवस टेबलांजवळ टांगायला देतो असे म्हणत आहेत, आणि मोबाइलवर चालणारा डास पळवणारा आवाजही कोणीतरी सुचवला आहे.

कीटकवही (पुणे)

दिवा टेबलांजवळ तर मुळीच टांगू नये. विजेच्या जाळीवर किडा फुटतो तेव्हा त्याचे सूक्ष्म तुकडे हवेत उडतात. कॅन्सस राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखवले की अशा जाळीवर मेलेल्या घरमाशांच्या अंगावरील जिवाणू आणि विषाणू आसपास पसरतात. अन्न उघडे असते तिथे हा दिवा लावू नये याचे हे पुरेसे कारण आहे. आवाजाच्या यंत्रांविषयी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, दहा प्रत्यक्ष चाचण्या तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी कशातही माणसावर बसणारे डास कमी झाले नाहीत. मोबाइलमधील आवाज त्यापेक्षा वेगळा काही करील असे मानण्यास आधार नाही.

शनिवारसाठी साधा पेडेस्टल पंखा घ्यावा, शक्य असल्यास दोन. डास कमकुवत उडतो, त्याचा वेग ताशी दीड-दोन किलोमीटरच्या आसपास असतो आणि पंख्याच्या झोतात त्याला तग धरता येत नाही. शिवाय आपल्या श्वासाचा जो माग तो घेतो तोच पंखा उधळून टाकतो. मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंखे लावून हे तपासले आणि पंख्याच्या वाऱ्यात सापळ्यात येणाऱ्या डासांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. डास जमिनीलगत, पायांजवळ अधिक येतात, म्हणून एक पंखा बुटका ठेवून त्याचा झोत टेबलाखालून जाईल असा वळवावा. पाहुण्यांना पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे सुचवावेत, कारण गडद रंगाकडे डास अधिक वळतात. डीट (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम उघड्या हातापायांवर लावण्यासाठी टेबलावर ठेवावे, लहान मुलांच्या बाबतीत वेष्टनावरील वयाची सूचना पाळावी. झोपण्याच्या खोल्यांच्या खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी असली की रात्रीचा प्रश्न मिटतो.

जुना आरोग्यसेवक (सिंधुदुर्ग)

ताई, ताडपत्रीतील पाणी ओतलेत ते उत्तम झाले. ती ताडपत्री आता ताणून, मध्ये काठीचा उंचवटा देऊन बांधा, म्हणजे पुढच्या सरीचे पाणी थांबणार नाही, आणि तिची आतली बाजू उन्हात घासून घ्या, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतील. कोष सापडले याचा अर्थ काही डास आधीच उडालेले आहेत, त्यामुळे पुढचे दोन-तीन आठवडे त्रास हळूहळू ओसरेल, एका दिवसात थांबणार नाही. आठवड्याचा एक वार ठरवून फेरी मारत राहा. पाहुणे सोमवारी निघत असतील तर मंगळवार सोयीचा पडेल. या काळात घरात कोणाला ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, डेंग्यूमध्ये त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. लगेच आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या आणि रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याला चावून दुसरा डास रोग पुढे नेणार नाही.